अंगठ्याखालचा टेकू

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत एसटी स्टँड, शाळा किंवा थिएटर यांच्या आडोशाला एखादं व्हिडिओ गेम पार्लर असायचं. अंधारी खोली, भिंतीशी ओळीने उभी मशिनं, गल्ल्यावर टोकनांचा ढीग, आणि खेळणाऱ्यांपेक्षा मागे उभं राहून सल्ले देणारेच जास्त. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या खेळाचं खरं नाव तिथे फारसं कुणाच्या गावीही नव्हतं. त्यातल्या एका पात्रावरून तो आपल्याकडे 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. शेजारी 'स्ट्रीट फायटर टू' किंवा 'किंग ऑफ फायटर्स'. या मारामारीच्या खेळांचा मान वेगळा, कारण समोर बऱ्याचदा हाडामासाचा प्रतिस्पर्धी असे. दांडा खालून पुढे फिरवायचा, ठोशाचं बटण दाबायचं, की 'स्ट्रीट फायटर'मधल्या रयू या गड्याच्या तळहातांतून निळा गोळा सुटायचा. याला 'पॉवर मारणं' म्हणत.

मग कुणाच्या तरी घरी टीव्हीला जोडायचा गेम येई. त्याच्या पॅडला कुणी 'रिमोट' म्हणे, कुणी 'जॉयस्टिक', जरी त्यावर स्टिक नावाचा प्रकार नसे. डावीकडे फक्त अधिकच्या चिन्हासारखी एक काळी खूण. पार्लरमध्ये हुकमी पॉवर मारणारा पोरगा इथे मात्र हैराण. गोळा सुटायचा तिथे नुसताच ठोसा निघे, पुढे चालायचं तिथे गडी उडी मारे. 'हात बसला नाही अजून' म्हणून विषय मिटवला जाई. पण तोच पोरगा, तोच खेळ आणि दुसऱ्या कंपनीचं पॅड, की पॉवर पुन्हा निघू लागे. म्हणजे खोट फक्त हातात नव्हती. ती कुठे होती, ते पाहायला पॅडच्या आत शिरावं लागतं.

पाव वर्तुळात तीन थांबे

या काळ्या अधिकचिन्हाला डी-पॅड म्हणतात. डिरेक्शनल पॅडचं लघुरूप. वर, खाली, डावं, उजवं अशा चारच दिशा त्याला कळतात. तिरकी दिशा त्याच्या गावी नसते. खाली आणि उजवं एकाच वेळी दाबलं गेलं, तर खेळ ते 'खाली-उजवं' असं वाचतो.

रयूचा गोळा सोडायला आज्ञा द्यावी लागते ती अशी: खाली, मग खाली-पुढे, मग पुढे, आणि ठोसा. खेळाडू हे संगणकाच्या कीबोर्डवरच्या आकड्यांनी लिहितात. पाच म्हणजे मधोमध, दोन म्हणजे खाली, सहा म्हणजे उजवं. त्यामुळे उजवीकडे तोंड करून उभ्या रयूचा गोळा झाला '२३६'. यातला तीन, म्हणजे तिरका थांबा, अनेक खेळांत वगळून चालत नाही. २ आणि ६ नीट आले पण मधला ३ गाळला गेला, की नुसताच ठोसा.

हे घडतं किती वेळात? असे खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवतात. एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि तिच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. सराईत खेळाडूने अंगठ्याची ही घसर सहा फ्रेममध्ये उरकली, तर प्रत्येक थांब्याला दोनच फ्रेम मिळतात, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. तेवढ्या अवकाशात 'खाली' सुटायच्या आत 'उजवं' लागलंच पाहिजे. दोन्ही क्षणभर एकत्र लागलेले असायला हवेत. 'खाली' आधी सुटलं आणि 'उजवं' नंतर लागलं, तर खेळाला २३६ ऐवजी २५६ ऐकू येतं. त्याच्या लेखी अंगठा मध्येच उचलला गेला.

पॅड उघडल्यावर

पाठीमागचे स्क्रू काढून पॅडची पाठ अलगद उचलली की हिरव्या सर्किट बोर्डाखाली एक मऊ रबरी पट्टी दिसते. तिच्यावर चार फुगवटे, आणि प्रत्येक फुगवट्याच्या आतल्या छताला कार्बनची एक काळी टिकली. टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये हीच रचना असते. बोर्डावर प्रत्येक टिकलीच्या समोर एकमेकांत घुसलेल्या, पण एकमेकांना न टेकणाऱ्या दातेरी रेषांची जोडी छापलेली असते. फुगवटा दबला की टिकली त्या रेषांवर बसते, वीज एकीकडून दुसरीकडे जाते आणि 'उजवं लागलं' अशी नोंद होते. निन्टेंडोच्या आठ बिटांच्या जुन्या पॅडमध्ये ४०२१ नावाची एकच साधी चिप आठही बटणांची स्थिती टिपून घेई आणि ती एका तारेवरून ओळीने कन्सोलला पाठवी. आधी ए आणि बी, मग सिलेक्ट आणि स्टार्ट, शेवटी वर, खाली, डावं, उजवं. इलेक्ट्रॉनिक्सचा भाग एवढाच, आणि तो क्वचितच दगा देतो.

खरी मेख प्लॅस्टिकमध्ये आहे. अधिकचिन्हाचा तुकडा हातात घेऊन उलटा करा. चारही बाहू एकसंध, आणि मधोमध एक गोलसर उंचवटा. हा उंचवटा बोर्डाकडच्या बाजूला टेकतो आणि सगळं चिन्ह त्याच्यावर डुगडुगतं. उपड्या वाटीवर ताट ठेवलं तर एक कड दाबल्यावर समोरची कड वर येते, दोन्ही कडा एकदम खाली जात नाहीत. तसंच इथे होतं. शाळेत तरफेच्या धड्यात भेटलेला टेकू तो हाच. टेकू आहे म्हणून डावं आणि उजवं एकत्र लागत नाही, आणि अंगठ्याला न बघता मध्य सापडतो. पॅडच्या जाहिरातीत याचा कुणी उल्लेख करत नाही. पण चांगल्या-वाईट पॅडमधला बराचसा फरक या टेकूच्या उंचीत असतो, असं माझं ठाम मत आहे.

तिरक्या दिशेचं गणित

का, ते जरा गणितानेच पाहू. घाबरू नका, नववी-दहावीची भूमितीच आहे.

समजा, उजवा बाहू थेट दाबला तर त्याचं टोक जास्तीत जास्त एक मिलिमीटर खाली जातं. आता अंगठा उजवं आणि खाली यांच्या बरोबर मधे, ४५ अंशांवर, दाबला. चिन्ह तेवढंच कललं तरी तो कल दोन बाहूंत वाटला जातो. प्रत्येक टोक पूर्ण मिलिमीटर नाही, ०.७ मिलिमीटरच खाली जातं. टिकली रेषांवर टेकायला ०.७ मिलिमीटर लागत असतील, तर तिरकी दिशा फक्त अचूक ४५ अंशांवर लागेल. धावपळीत ती लागणारच नाही. अशा पॅडवर रयू जन्मभर नुसते ठोसे मारत राहील.

टेकू थोडा बुटका केला, किंवा टिकली रेषांच्या जवळ आणली, आणि संपर्काला ०.३८ मिलिमीटर पुरू लागले, तर आठही दिशांना सारखे ४५-४५ अंश मिळतात. कागदावर हे आदर्श. अजून खाली येऊन ०.२ मिलिमीटरवर संपर्क ठेवला, तर चारही सरळ दिशांना जेमतेम २३ अंश उरतात आणि बाकी सगळी जागा तिरक्या दिशा बळकावतात. अशा पॅडवर गोळे झकास सुटतात, पण पुढे चालताना अंगठा किंचित वर सरकला तरी 'वर-पुढे' लागतं. मारामारीच्या खेळात 'वर' म्हणजे उडी. हवेतल्या गड्याला प्रतिस्पर्ध्याचा वरचा फटका चुकवता येत नाही, त्यामुळे नको असलेली एक उडी कधी कधी अख्खी फेरी घालवते.

प्रत्यक्षात रबराची लवचीकता, बाहूंचा आकार, अंगठ्याचा घाम हे सगळं या हिशेबात मिसळतं. पण ओढाताण हीच: तिरकी दिशा सोपी केली की सरळ दिशा डळमळते आणि सरळ दिशा घट्ट केली की तिरकी निसटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. 'टेट्रिस' खेळणाऱ्याला तिरकी दिशा मुळीच नको असते. ठोकळा सरकवताना चुकून 'खाली' लागलं तर तो चिडतो. रयू खेळणाऱ्याचं तिच्यावाचून पान हलत नाही. त्यामुळे 'सगळ्यात चांगला डी-पॅड कोणता' या प्रश्नाला माझ्या मते उत्तरच नाही. आधी खेळ सांगा.

पत्ते छापणाऱ्या कारखान्यातला माणूस

हे अधिकचिन्ह प्रसिद्धीला आणलं क्योटोच्या गुनपेई योकोई यांनी. निन्टेंडो तेव्हा 'हानाफुदा' नावाचे जपानी पत्ते बनवणारी कंपनी होती, आणि १९६५ साली योकोई तिथे यंत्रांच्या देखभालीसाठी लागले. नवंकोरं महागडं तंत्र घेण्याऐवजी मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते कुणाच्या डोक्यात आलं नसेल अशा ठिकाणी वापरायचं, हा त्यांचा खाक्या. कॅल्क्युलेटरचे पडदे असेच स्वस्त झाले होते; त्यांतून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' हे खिशात मावणारे खेळ निघाले.

१९८२ मध्ये 'डाँकी काँग' हा खेळ याच मालिकेतल्या एका घडीच्या यंत्रात आणायचा होता. त्यात गड्याला शिड्याही चढायच्या, म्हणजे चारही दिशा हव्यात. पार्लरचा दांडा लावला तर यंत्राची घडी मिटणार नाही. चार सुटी बटणं ठेवली तर खेळाडू पडद्यावरची नजर काढून बटणं शोधत बसणार. योकोईंनी चारही दिशा एका तुकड्यात गुंफल्या. दिशा दाखवायला हाताखाली काही चपटं देण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता; अमेरिकेत १९७९ पासून 'इंटेलिव्हिजन'च्या पॅडवर गोल चकती होती. पण न बघता अंगठ्याला दिशा कळणं हे या अधिकचिन्हाने साधलं. जुलै १९८३ मध्ये आलेल्या 'फॅमिकॉम' कन्सोलने ते घराघरांत नेलं. आपल्याकडचे 'लाखो गेम्स' असल्याच्या थापा मारणारे टीव्ही गेम हे याच फॅमिकॉमच्या चोरट्या नकला.

नकलेत प्लॅस्टिकचा साचा हुबेहूब उतरे, पण टेकूच्या उंचीत आणि रबराच्या दर्जात तडजोड होई. आपल्या पोराच्या निम्म्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं असं, की मूळ डी-पॅडसुद्धा शिड्या चढण्यासाठी बनला होता, पाव वर्तुळासाठी नाही. 'स्ट्रीट फायटर टू' मार्च १९९१ मध्ये पार्लरमध्ये आला तो आठ दिशांचा दांडा आणि सहा बटणं घेऊन. वर्षभराने तो निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर उतरला आणि त्याच्या सुमारे ६३ लाख प्रती खपल्या. इतक्या अंगठ्यांनी एकदम पाव वर्तुळं काढायला घेतल्यावर अधिकचिन्हाची मर्यादा उघडी पडली.

सेगाची चकती, सोनीचे चार तुकडे

सेगाने वेगळी वाट धरली. चिन्हाच्या बाहूंमधल्या रिकाम्या कोपऱ्यांत प्लॅस्टिक भरून गोल चकती केली आणि चिन्ह तिच्यावर फक्त उठावात ठेवलं. आता खालून पुढे जाताना अंगठ्याला मधे खाच लागत नाही. तो घसरत नाही, लोळतो. कोपऱ्यावरच दाब देता येत असल्याने तिरकी दिशाही सहज लागते. १९९३ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला तेव्हा कंपनीने त्याच्या जोडीला सहा बटणांचं पॅड काढलं, आणि १९९४ च्या 'सॅटर्न' कन्सोलच्या पॅडमध्ये ही रचना कळसाला पोचली. मारामारीचे खेळ खेळणारे आजही या पॅडचं नाव आदराने घेतात. झांगीफसारखा पहिलवान घेतला, ज्याला पूर्ण वर्तुळ फिरवावं लागतं, तर या चकतीचा फायदा पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

सोनीपुढे अडचण कायद्याचीही होती. टेकूवर डुलणाऱ्या अधिकचिन्हाच्या बटणाचं अमेरिकी पेटंट निन्टेंडोने १९८५ साली मागितलं आणि १९८७ मध्ये ते मंजूर झालं. डिसेंबर १९९४ च्या 'प्लेस्टेशन'वर बाहेरून चार सुटी बटणं दिसतात ती याच पेटंटला वळसा घालण्यासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. पॅड उघडलं की आत मात्र एकच अखंड तुकडा. वरच्या कवचाने फक्त त्याचा मध्य झाकलेला. रयूवाल्यांना हे बोचतं, आणि अंगठ्याला फोड येतात ते वेगळेच. पण 'टेकेन'वाल्यांना ते मानवतं. त्या खेळात काही मोक्याच्या आज्ञा अशा आहेत की पुढे दाबून अंगठा क्षणभर मधोमध मोकळा सोडावा लागतो, मग खाली, मग खाली-पुढे. '२३६' मध्ये जो ५ घात करतो, तोच ५ इथे लागतो. 'टेकेन ३' खेळण्यासाठी प्लेस्टेशनच्या पार्लरांत तासाच्या हिशेबाने पैसे मोजलेल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही.

या मतांवर फार विसंबू नये, हेही सांगायला हवं. २०१४ साली लास व्हेगासच्या 'इव्हो' स्पर्धेत 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर'चं विजेतेपद फ्रान्सच्या 'लफी' या खेळाडूने मिळवलं. ते पहिल्या प्लेस्टेशनचं, तेव्हा वीस वर्षं जुनं झालेलं, ॲनालॉग दांडेसुद्धा नसलेलं पॅड हातात घेऊन! भोवताली बहुतेक जण भल्यामोठ्या आर्केड स्टिक मांडीवर घेऊन बसले होते.

उलट उदाहरणही आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०'चा डी-पॅड सैल आणि तिरक्या दिशांचा अतिरेक करणारा म्हणून इतका बदनाम झाला की २०१० मध्ये कंपनीने फिरवल्यावर चिन्ह वर उचलणारं नवं पॅड काढलं. पैसा, अभियंते, कारखाने, सगळं असूनही टेकूच्या हिशेबात चूक होऊ शकते.

टेकूच काढून टाकला तर?

डावं आणि उजवं एकत्र लागू नये हे काम टेकू मुकाट्याने करतो, त्यामुळे जुने खेळ लिहिणाऱ्यांनी ती शक्यताच धरली नव्हती. 'झेल्डा' या निन्टेंडोच्या खेळाच्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात ही दोन्ही टोकं एकदम लागली तर नायक भन्नाट वेगाने पळत सुटतो. ही गंमत पुढे गंभीर झाली. गेल्या काही वर्षांत दांडा आणि डी-पॅड दोन्ही नसलेले, नुसत्या बटणांचे कंट्रोलर आले. त्यांत प्रत्येक दिशेला वेगळं बोट, त्यामुळे विरुद्ध दिशा खुशाल एकत्र दाबता येतात. मागे दाबून बचाव करत असतानाच पुढेही दाबून ठेवता आलं तर इतरांना न जमणारे डाव जमतात. २०१९ मध्ये जपानचा नामवंत खेळाडू दाइगो उमेहारा असा कंट्रोलर घेऊन उतरला तेव्हा कॅपकॉमने त्या कंट्रोलरला स्पर्धेत मनाई केली, आणि विरुद्ध दिशा एकत्र आल्या तर काय मानायचं याचे नियम पुढे बांधले गेले. प्लॅस्टिकचा उंचवटा जे करत होता ते नियमावलीला करावं लागलं.

हे सगळं पोरखेळ वाटत असेल, तर २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' हा पदकाचा खेळ होता. भारतातर्फे मयांक प्रजापती आणि अयान विश्वास उतरले. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, वयाच्या ४४ व्या वर्षी. म्हणजे 'स्ट्रीट फायटर टू' पार्लरमध्ये आला तेव्हा ते बाराएक वर्षांचे.

चौकट : पॅडचं दुखणं कसं ओळखावं

'स्ट्रीट फायटर सिक्स'सारख्या खेळांच्या सराव विभागात तुम्ही दाबलेल्या दिशा बाणांच्या रूपात पडद्याच्या कडेला दिसतात. तिथे एवढं करून पाहा.

उजवं दाबून धरा आणि अंगठा जागच्या जागी वर-खाली डोलवा. तिरके बाण सारखे उमटत असतील तर टेकू झिजलाय किंवा मुळातच बुटका आहे.

अंगठा खालून उजवीकडे सावकाश सरकवा. मधला तिरका बाण गायब होत असेल तर टिकल्या झिजल्यात, किंवा संपर्कावर मळ बसलाय.

एकच दिशा अधूनमधून लागत नसेल तर फुगवटा फाटला असण्याची शक्यता जास्त.

दुरुस्ती आणि खरेदी

मळ असेल तर बोर्डावरच्या दातेरी रेषा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसल्या की काम भागतं. रबरी पट्टी बदलायची असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं गाठावीत. मॉडेलचं नाव आणि जुनी पट्टी दोन्ही सोबत न्या. नकोशा तिरक्या दिशांवर हौशी लोकांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. दातेरी रेषांच्या कडेवर पातळ टेपची बारीक पट्टी चिकटवायची. संपर्काची जागा घटते, टिकलीला जास्त दाबावं लागतं, म्हणजे वरच्या गणितातले ०.२ मिलिमीटर पुन्हा ०.३८ च्या दिशेने सरकतात. टेपची रुंदी किंचित जास्त झाली तर तिरकी दिशा पार नाहीशी होते, म्हणून थोडी थोडी चिकटवून, दर वेळी पॅड जोडून पाहावं. वॉरंटी चालू असताना मात्र स्क्रूला हात लावू नका.

नवं घेणार असाल आणि मारामारीचे खेळ हाच शौक असेल, तर सेगाच्या धर्तीची गोल चकती आणि समोर सहा बटणं असलेली पॅडं आजही मिळतात. होरीची 'फायटिंग कमांडर' मालिका किंवा एटबिटडोचं 'एम३०' ही त्यातली. 'टेकेन' जास्त खेळत असाल तर कन्सोलसोबत आलेलं प्लेस्टेशनचं पॅड बदलायची घाई करू नका. ॲनालॉग दांड्यावर पाव वर्तुळं काढायचा हट्ट सोडा. त्याचा प्रवास लांब आहे आणि दिशांच्या सीमा अंगठ्याला जाणवत नाहीत. आणि पॅड शक्यतो दुकानात हातात घेऊन, खालून पुढे अंगठा लोळवूनच घ्या. डबा उघडू न देणाऱ्या दुकानदाराकडून तर मुळीच घेऊ नका.